कोळंबीतले कोलेस्टेरॉल रक्तात किती पोहोचते?

रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा वर गेला की किनारपट्टीवरच्या घरात पहिली गदा येते ती कोळंबीवर. मग चिंबोऱ्या, माकूळ, तिसऱ्या, कालवे ही सगळी मंडळी एकाच यादीत जातात आणि स्वयंपाकघरातून हद्दपार होतात. सल्ला देणाऱ्याचा हिशोब सरळ असतो: ज्यात कोलेस्टेरॉल जास्त, ते खाल्ले की रक्तातही ते जास्त.

अन्नाचे तक्ते पाहिले तर हा हिशोब पटतोही. 100 ग्रॅम कोळंबीत सुमारे 125 ते 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. माकुळात ते 230 च्या आसपास जाते. तेवढ्याच कच्च्या चिकनमध्ये ते 65 ते 75 मिलिग्रॅम इतकेच भरते.

प्रयोगशाळेतले उंदीर मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. शिंपल्यांचे मांस वाळवून, त्याची भुकटी करून उंदरांच्या खाद्यात मिसळली, तर अनेक प्रयोगांत त्यांच्या रक्तातले आणि यकृतातले कोलेस्टेरॉल वाढण्याऐवजी उतरले. कोलेस्टेरॉल असलेले अन्न खाऊन कोलेस्टेरॉल उतरते कसे? आणि उंदराच्या बाबतीत जे घडले ते आपल्या बाबतीत घडेल का? दोन्ही प्रश्न नीट समजून घेण्यासारखे आहेत, कारण त्यांच्या उत्तरांवर आपल्या ताटातले पदार्थ ठरतात.

एका यादीतली दोन कुळे

बाजारात शेजारी शेजारी बसणारे हे जीव प्राणिशास्त्राच्या दृष्टीने फार दूरचे आहेत. कोळंबी, चिंबोरी, शेवंड हे कवचधारी, म्हणजे कीटकांचे नातेवाईक. तिसऱ्या, कालवे, शिनाणे आणि अंगाबाहेर शिंपला नसलेले माकूळसुद्धा मृदुकाय, म्हणजे गोगलगायीच्या कुळातले.

कवचधारी प्राण्यांना स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करता येत नाही. आपले यकृत ते रोज बनवते, कोळंबीला ते अन्नातूनच मिळवावे लागते. पेशींची आवरणे घडवायला तिला ते हवे असते आणि कात टाकण्याचे संप्रेरकही त्यापासूनच बनते. म्हणून कोळंबीपालनाच्या तलावांत टाकायच्या खाद्यात कोलेस्टेरॉल मुद्दाम घालतात. मिळालेले कोलेस्टेरॉल कोळंबी जपून ठेवते, त्यामुळे तिच्या मांसात ते भरपूर सापडते. एकूण चरबी मात्र 100 ग्रॅममागे जेमतेम एक ग्रॅम, आणि त्यात संपृक्त चरबी अर्धा ग्रॅमही नसते.

तिसऱ्या-कालवांचे जगणे निराळे. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. शेवाळात कोलेस्टेरॉलसारखी दिसणारी, पण थोड्या वेगळ्या घडणीची अनेक द्रव्ये असतात. या सगळ्या कुटुंबाला स्टेरॉल म्हणतात आणि कोलेस्टेरॉल हा त्यातला एक सदस्य. शिंपल्यांच्या मांसात ब्रासिकास्टेरॉलसारखी ही शेवाळी स्टेरॉले कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने साठतात.

इथेच एक जुना घोटाळा झाला. पूर्वी अन्नातले कोलेस्टेरॉल रंग बदलणाऱ्या रासायनिक चाचणीने मोजत. त्या चाचणीला स्टेरॉलांतला भेद कळत नव्हता, ती सगळ्यांना कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजायची. साहजिकच कालवे आणि तिसऱ्या यांचे आकडे फुगले. पुढे वायुवर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी आली. हे तंत्र मिश्रणातला एकेक रेणू वेगळा काढते. तेव्हा लक्षात आले की शिंपल्यांतल्या स्टेरॉलांचा मोठा वाटा कोलेस्टेरॉलचा नाहीच. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत खरे कोलेस्टेरॉल 100 ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. यादीतली बदनामी मात्र पुसली गेली नाही.

सशापासून सुरू झालेली गोष्ट

खाल्लेले कोलेस्टेरॉल आणि रोहिण्यांचे आजार यांची सांगड पहिल्यांदा घातली गेली तीही प्राण्यांवरच्या प्रयोगातून. 1913 मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्यॉन खालातोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल अनेक पटींनी वाढले आणि त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचले. हृदयविकाराच्या अभ्यासातला हा मोलाचा टप्पा होता.

पण तसलाच आहार मोठे पांढरे उंदीर आणि कुत्री यांना दिला तेव्हा असे थर सहजासहजी तयार होईनात. कारण प्राण्यांच्या घडणीत आहे. ससा शाकाहारी. त्याच्या पूर्वजांच्या अन्नात कोलेस्टेरॉल जवळपास नव्हतेच, त्यामुळे ते अंगाबाहेर काढण्याची त्याची क्षमता तोकडी. उंदीर मिळेल ते खाणारा. कोलेस्टेरॉल जास्त आले की त्याचे यकृत झपाट्याने त्याची पित्ताम्ले बनवते आणि आतड्यावाटे घालवते. एकाच आहाराने एका प्राण्याच्या रोहिण्या बिघडतात आणि दुसऱ्याच्या धडधाकट राहतात. म्हणून ‘प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसले’ असे वाक्य वाचले की कोणत्या प्राण्यावर, हे आधी विचारावे.

पिंजऱ्यात नेमके काय मोजतात?

शिंपल्यांवरचा असा प्रयोग जवळून पाहिला तर त्यातली शिस्त थक्क करते. उंदरांचे खाद्य ठरावीक सूत्राने बनवलेले असते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनने 1993 मध्ये दिलेले सूत्र आजही जगभर वापरतात. वाढीच्या वयातल्या उंदरांच्या खाद्यात त्यानुसार 20 टक्के केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, आणि 7 टक्के सोयाबीन तेल असते. शिवाय पिष्ट, साखर, तंतू, जीवनसत्त्वे आणि क्षार.

एका गटाला हे खाद्य मिळते. दुसऱ्या गटाच्या खाद्यातले काही केसीन काढून त्या जागी शिंपल्याची भुकटी घालतात. पण भुकटीबरोबर थोडी चरबी, थोडे कोलेस्टेरॉल आणि क्षारही येतात. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक पहिल्या गटाच्या खाद्यातही तेवढेच शुद्ध कोलेस्टेरॉल आणि तेवढीच चरबी घालतात. दोन्ही गटांच्या पोटात कोलेस्टेरॉल सारखेच जाते. त्यानंतर रक्तात फरक दिसला, तर तो भुकटीतल्या दुसऱ्या कशाने तरी पडला असला पाहिजे.

मग सुरू होते मोजदाद. पिंजऱ्याला जाळीचा तळ असतो आणि लेंड्या खालच्या ट्रेमध्ये पडतात. उंदरांना स्वतःच्या लेंड्या खायची सवय असते. तसे झाले तर बाहेर पडलेले स्टेरॉल पुन्हा पोटात जाईल आणि हिशोब चुकेल. जाळीमुळे ते बऱ्याच अंशी टळते. दोन-तीन दिवसांच्या लेंड्या गोळा करून, वाळवून, वजन करून, कुटून त्यांतली स्टेरॉले आणि पित्ताम्ले वेगळी मोजतात. प्रयोगाच्या शेवटी रक्त आणि यकृतही तपासतात. किती आत गेले, किती बाहेर पडले आणि किती साठले, हे तीन आकडे हातात आले की मधल्या वाटेवर काय घडले याचा अंदाज बांधता येतो.

अशा प्रयोगांत वारंवार दिसणारी खूण म्हणजे शिंपले खाणाऱ्या उंदरांच्या लेंड्यांतून जास्त स्टेरॉल आणि जास्त पित्ताम्ले बाहेर पडतात. जपानमध्ये शिजिमी नावाच्या गोड्या आणि मचूळ पाण्यातल्या छोट्या शिंपल्या यकृताला चांगल्या मानतात, त्यांचे मिसो सूप घरोघरी होते. त्यांचा अर्क कोलेस्टेरॉलयुक्त खाद्यावर वाढवलेल्या उंदरांना दिला तेव्हा तिथल्या संशोधकांना हेच आढळले: रक्तात आणि यकृतात कोलेस्टेरॉल कमी, विष्ठेत जास्त.

पहिली वाट: तरीतली जागा

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, आणि आतड्यातला रस तर पाणीदार. खाडीच्या एका काठावर माणसे जमली आहेत, पूल नाही आणि पलीकडे जायला एकच तर आहे, अशी कल्पना करा. आतड्यात ही तर पित्ताम्लांची बनते. पित्ताम्ले एकत्र येऊन अतिसूक्ष्म थेंब तयार करतात आणि त्यांत बसून कोलेस्टेरॉल आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचते. तरीत जागा मोजक्या. शिंपल्यांतली शेवाळी स्टेरॉले दिसायला कोलेस्टेरॉलसारखीच असल्याने त्याच जागांवर हक्क सांगतात. ती चढली की तेवढे कोलेस्टेरॉल काठावर राहते आणि विष्ठेतून निघून जाते.

पलीकडच्या धक्क्यावर दोन पहारेकरी असतात. एनपीसी1एल1 नावाचे प्रथिन स्टेरॉलांना पेशीत घेते. आत आल्यावर दुसऱ्या प्रथिनांची जोडी, एबीसीजी5 आणि एबीसीजी8, परक्या स्टेरॉलांना ओळखून परत आतड्यात ढकलते. ही जोडी 2000 च्या सुमारास सापडली, आत घेणारा पहारेकरी 2004 मध्ये. कोलेस्टेरॉलसाठी आज दिले जाणारे एझेटिमाइब हे औषध त्या आत घेणाऱ्यालाच अडवते.

परत ढकलणारी जोडी किती महत्त्वाची, हे सिटोस्टेरोलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. त्यात ही जोडी काम करत नाही आणि परकी स्टेरॉले रक्तात साठत जातात. 1986 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा एका रुग्णात शिंपल्यांतली स्टेरॉलेही नेहमीपेक्षा जास्त शोषली जातात, असे दाखवले. या रुग्णांना वनस्पती-तेलांबरोबर शिंपलेही टाळायला सांगतात. बाकीच्यांच्या शरीरात ही स्टेरॉले फारशी टिकत नाहीत, कोलेस्टेरॉलची जागा अडवून निघून जातात.

दुसरी वाट: टॉरिन आणि पित्त

समुद्राचे पाणी खारट. त्यात राहणाऱ्या शिंपल्याच्या पेशींनी काहीच केले नाही, तर त्यांच्यातले पाणी बाहेर ओढले जाईल. ते टाळायला शिंपले पेशींत टॉरिन नावाचा छोटा रेणू साठवतात. म्हणूनच त्यांच्या 100 ग्रॅम मांसात टॉरिन अनेकदा काहीशे मिलिग्रॅम भरते. चिकनच्या छातीच्या मांसात ते फारच थोडे, आणि उंदराच्या नेहमीच्या केसीनच्या खाद्यात जवळपास नसतेच.

1827 मध्ये बैलाच्या पित्तातून टॉरिन पहिल्यांदा वेगळे काढले गेले. पित्ताशी त्याचे नाते खरेच जवळचे आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते आणि ती सोडण्याआधी त्यांना टॉरिन किंवा ग्लायसिन जोडते. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्ल होण्याच्या मुख्य वाटेवर पहिला टप्पा पार पाडणारे एक विकर आहे, सीवायपी7ए1. त्याचा वेग वाढला की जास्त कोलेस्टेरॉल पित्तात जाते. कोलेस्टेरॉल घातलेल्या खाद्यावरच्या उंदरांना टॉरिन दिले की हे विकर जोमाने काम करते, पित्ताम्ले जास्त बनतात आणि जास्त बाहेर पडतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. आपला साठा भरून काढायला यकृत मग रक्तातून कोलेस्टेरॉल उचलते आणि रक्तातला आकडा उतरतो.

तिसरी वाट: चरबीची निर्मिती

कोलेस्टेरॉलइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या साध्या चरबीचा. शिंपले आणि माकूळ यांत चरबी थोडी असली तरी तिच्यात ओमेगा-3 मेदाम्लांचा वाटा मोठा असतो. ही मेदाम्ले यकृतात दोन गोष्टी करतात. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या जनुकांना आवर घालतात आणि चरबी जाळणाऱ्या जनुकांना चालना देतात. यकृतात चरबी कमी बनली की रक्तात सोडायलाही कमी उरते.

2014 मध्ये नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी छोट्या उंदरांना भरपूर चरबी आणि भरपूर साखर असलेले खाद्य दिले. खाद्यातले प्रथिन मात्र गटागटाला वेगळे होते: चिकन, कॉड मासा, खेकडा आणि स्कॅलप नावाचा मोठा शिंपला. स्कॅलपच्या गटात अंगावर चरबी कमी चढली आणि रक्तातल्या मेदाचे चित्रही सुधारले. पोटात गेलेले टॉरिन आणि ग्लायसिन यांच्याशी या फरकाचा जवळचा संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. स्कॅलपमध्ये इतरही पुष्कळ काही असते. पण पुढचा शोध कुठे घ्यायचा हे त्यातून कळते.

कवचाचाही वेगळा अभ्यास झाला आहे. कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलातल्या कायटिनपासून कायटोसान बनवतात. 1980 मध्ये जपानमधल्या मिचिहिरो सुगानो यांच्या गटाने दाखवले की कोलेस्टेरॉलयुक्त खाद्यात ते मिसळले तर उंदरांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होते. पोटातल्या आम्लात ते विरघळते, आतड्यात गेल्यावर बुळबुळीत होते आणि चरबी व पित्ताम्लांना धरून बाहेर पडते. ‘चरबी शोषून घेणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची मुळे इथे आहेत. माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत मात्र वजनावरचा त्यांचा परिणाम नगण्य ठरला. त्या घेण्यापूर्वी हे ठाऊक असायला हवे.

उंदीर म्हणजे छोटा माणूस नाही

इथे थांबून उंदराची आणि आपली तुलना करायला हवी, कारण बातम्यांत नेमके तेच सुटते.

उंदराच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल या, म्हणजे ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या, कणांत असते, आपले बहुतेक एलडीएल या ‘वाईट’ समजल्या जाणाऱ्या कणांत. एचडीएलमधले कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांत पोहोचवणारे सीईटीपी नावाचे प्रथिन आपल्याकडे आहे, उंदरांकडे नाही. मोठ्या उंदराला तर पित्ताशयच नसते. उंदीर पित्ताम्लांना मुख्यतः टॉरिन जोडतो, आपण जास्त करून ग्लायसिन. ओमेगा-3 मुळे चरबी जाळण्याला मिळणारी चालनाही उंदराच्या यकृतात आपल्यापेक्षा कितीतरी जोरदार असते. हॅमस्टर आणि गिनिपिग या बाबतीत आपल्या थोडे जवळचे, म्हणून काही संशोधक त्यांना पसंती देतात.

मात्रेचेही तसेच. उंदराचे कोलेस्टेरॉल सहज वाढत नाही, म्हणून अनेक प्रयोगांत खाद्यात एक टक्का शुद्ध कोलेस्टेरॉल आणि शिवाय पित्ताम्लही घालतात. दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खाणाऱ्या माणसाच्या हिशोबाने हे रोजचे पाच ग्रॅम कोलेस्टेरॉल झाले, म्हणजे पंचवीसहून अधिक अंडी. इतक्या पुराशी झुंजणाऱ्या यकृताला शिंपल्याने दिलेली मदत आपल्या रोजच्या जेवणात तेवढीच मिळेल, असे धरून चालता येत नाही.

मग माणसांत काय दिसले?

माणसांवरही थोडे पण नेटके प्रयोग झाले आहेत. 1990 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 निरोगी पुरुषांना तीन-तीन आठवडे कालवे, तिसऱ्यांसारखे शिंपले, खेकडा, शिनाणे, माकूळ आणि कोळंबी असे आहार आळीपाळीने दिले. पहिल्या चार आहारांत रक्तातली ट्रायग्लिसराइडे वाहून नेणारे व्हीएलडीएल कण उतरले. कोळंबी आणि माकूळ यांनी तसे केले नाही. कालवे, शिंपले आणि शिनाणे खाताना आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषले गेले. शेवाळी स्टेरॉले याच तिघांत भरपूर असतात, म्हणजे प्राण्यांत दिसलेली पहिली वाट माणसातही खरी ठरली.

1996 चा प्रयोग कोळंबीवरचा. तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॅन ब्रेस्लो यांच्या प्रयोगशाळेने केला. माणसासारखे रोहिणीविकार होणारे, एपीओई जनुक काढून टाकलेले छोटे उंदीर 1992 मध्ये ज्या दोन प्रयोगशाळांनी घडवले, त्यातली एक हीच. उंदरांवर हात बसलेल्या संशोधकांनी प्रश्न थेट माणसांपुढे नेला. निरोगी लोकांना त्यांनी रोज 300 ग्रॅम वाफवलेली कोळंबी दिली. तिच्यातून सुमारे 590 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल पोटात जात होते. नेहमीच्या कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराच्या तुलनेत एलडीएल सुमारे 7 टक्क्यांनी वाढले, पण एचडीएल 12 टक्क्यांनी वाढले आणि ट्रायग्लिसराइडे 13 टक्क्यांनी घटली. दोन्ही कणांचे प्रमाण बिघडले नाही, उलट किंचित सुधारले. एलडीएल थोडे वाढले हेही खरे, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम मोठा, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या 2015 ते 2020 या काळासाठीच्या आहार मार्गदर्शिकेने दिवसाला 300 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा वगळली ती याच समजुतीतून.

थोडक्यात

• कोळंबी-चिंबोरी आणि तिसऱ्या-कालवे ही वेगळी कुळे आहेत. दोघांचा परिणाम एक धरू नये.
• शिंपल्यांतली शेवाळी स्टेरॉले आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात.
• टॉरिनमुळे उंदरांत कोलेस्टेरॉलचे पित्तात रूपांतर वाढते. माणसात हा परिणाम तेवढाच होईल असे धरू नये.
• ओमेगा-3 मुळे यकृतात चरबी कमी बनते.
• निरोगी माणसांत कोळंबीने एलडीएल थोडे वाढले, एचडीएल त्याहून जास्त वाढले, ट्रायग्लिसराइडे घटली.

ताटात काय घ्यायचे?

प्राण्यांवरच्या प्रयोगांनी आपल्याला औषध दिलेले नाही. अन्न शरीरात कोणत्या वाटांनी जाते, हे त्यांनी दाखवले. त्या वाटा पाहिल्यावर एक गोष्ट उघड होते: पदार्थावरचा कोलेस्टेरॉलचा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. त्या पदार्थात आणखी काय आहे, तो कशाच्या जागी खाल्ला आणि कशात शिजवला, यावर बरेच अवलंबून असते. वाफवलेल्या तिसऱ्या आणि भरपूर तेलात तळलेली कोळंबी यांना एका मापाने मोजता येत नाही. नारळाच्या वाटणातली संपृक्त चरबीही हिशोबात धरावी लागते. मटणाच्या जागी शिंपले आले तर संपृक्त चरबी कमी होते. मटण तसेच ठेवून वर शिंपले वाढवले तर तो फायदा मिळत नाही.

आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी, आणि कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. पण सल्ला विचारताना ‘हे सगळे बंद का?’ एवढ्यावर न थांबता प्रश्न थोडा नेमका करावा: कोळंबी की तिसऱ्या, किती, कशात केलेल्या आणि कशाच्या बदल्यात? असा प्रश्न विचारला तर उत्तरही नेमके मिळेल, आणि एका फुगलेल्या आकड्यापायी किनाऱ्यावरचे स्वस्त, कमी चरबीचे, प्रथिनांनी भरलेले अन्न उगाच सोडावे लागणार नाही.